थकल्या पायांची उडी
मैदानात वाळूची ट्रॉली रिकामी झाली की तापलेल्या वाळूच्या वासानं मला दुष्काळातली ती लांब उडी आठवते. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि जिल्ह्याचा पहिला संघ निवडला जात होता. पहाटे लांबच्या विहिरीवरून पाण्याच्या चार खेपा करून मी मुरुडहून एसटीत उभ्यानं आले होते. पहिल्या उडीलाच मांड्या थरथरल्या. दुसऱ्या उडीत ताठ पायांवर आपटले आणि कळ पार कमरेत गेली. आमच्या शाळेतल्या खेळाच्या बाई धावत आल्या. "पाय थकल्यावर गुडघे वाकत न्हाईत, पोरी. बस कर आता." मी म्हटलं, "न्हाई बाई, तिसरी मारणारच." त्या म्हणाल्या, "मग जवळून धाव घे. लांबीचं इसर, उतरताना गुडघे दुमड." मी तसंच केलं. वाळूत अलगद उतरले, पण उडी आखूड पडली आणि संघात नाव आलं नाही. मात्र धडधाकट पायांनी घरी गेले, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा उतरले आणि निवडले गेले. आता मीच खेळ शिकवते. नव्या मुलींना आठवडाभर उडी मारू देत नाही, नुसतं गुडघे दुमडून वाळूत उतरायला लावते. त्या कुरकुरतात, मी हटत नाही.