प्लगच्या दोन्ही बाजूंना कुंकू

साठ वर्षं मी भीतीत संसार केला.

नवऱ्याच्या नाही हो. ते गरीब गाय. भीती ते कानाला जे लावायचे, त्याची.

आज सकाळी हे गेले.

रडून झालंय. आता लिहिते, कारण ही गोष्ट मी मुलांनासुद्धा सांगितलेली नाही.

चौसष्ट-पासष्ट साल असेल. आमच्या भूगावात वीज नुकतीच आलेली. हे पुण्यात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला, रोज सायकलवर. रद्दीतल्या परदेशी मासिकात बघून यांनी घरीच इलेक्ट्रोस्टॅटिक, म्हणजे जास्त व्होल्टवर चालणारा हेडफोन बनवला. त्याला लागणारा, आवाज वाढवणारा अॅम्प्लिफायर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. आत सहाशे व्होल्ट.

घरातल्या दिव्याला दोनशेतीस पुरतात. आणि हे महाशय सहाशे कानाशी घेऊन बसणार!

पण खरा धोका त्या डब्याला जोडलेल्या रेडिओत होता. स्वस्तातला, बिनट्रान्सफॉर्मरचा सेट. त्याचा दोन पिनांचा प्लग उलटा बसला की रेडिओच्या सांगाड्यात थेट करंट. तिथून वायरीने डब्यात, डब्यातून हेडफोनच्या पत्र्याच्या जाळीतून ऐकणाऱ्याच्या डोक्यावर.

म्हणून यांनी प्लगच्या एका बाजूला लाल ठिपका दिला होता. लाल वर ठेवूनच लावायचा. शिवाय डब्याला टेस्टर लावून बघायचं, रोज; टेस्टरमधला दिवा पेटला तर डब्यात करंट.

त्या दिवशी खंडेनवमी. सासूबाईंनी जमीन सारवली, पक्कड-टेस्टर सगळं पाटावर मांडून पूजा केली. मग मुलाला म्हणाल्या, तुझं यंत्र मलाही ऐकव.

हे हरखलेच. सासूबाई अनवाणी, ओल्या सारवणावर बसलेल्या. यांनी लाल वर बघितलं, प्लग लावला आणि हेडफोन त्यांच्या हातात दिला.

मी म्हटलं, टेस्टर लावा ना.

सासूबाई म्हणाल्या, "पूजेतलं हाय ते. आज हात लावायचा न्हाई."

हेसुद्धा हसून म्हणाले, लाल वरच आहे, घाबरू नकोस.

मला तेव्हा व्होल्ट कळत नव्हते, अॅम्पियर कळत नव्हते. मला नुसती भीती वाटत होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि सासूला उलटून बोलायची माझी छाती नव्हती.

मी पाटावरची फुलं सारली, टेस्टर उचलला आणि डब्याला टेकवला.

पेटला.

हेडफोन सासूबाईंच्या कानापासून वीतभर लांब होता.

यांनी प्लग खेचून काढला. फिरवून बघितला. पूजा करताना सासूबाईंनी त्यालाही कुंकू लावलं होतं. दोन्ही बाजूंना. लाल इकडेही आणि तिकडेही.

नंतर मागच्या दारी यांनी माझा हात धरला.

"आज आईला मीच मारली असती गं."

पुढच्या खंडेनवमीला सासूबाईंनी टेस्टर स्वतःच माझ्या हातात आणून दिला. म्हणाल्या, "ह्यो पूजेत न्हाई. तुज्यापाशी र्‍हाऊ दे."

त्यानंतर यांनी मला विचारल्याशिवाय घरात एकही बटण दाबलं नाही. मिक्सर, गीझर, नातवाचा चार्जर. "बघितलंस का तू?" मुलं चेष्टा करायची, आईला विजेतलं काय कळतं.

परवा हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनचा मास्क लावायला नर्स आली. यांनी तिचा हात अडवला. मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बघितलंस का तू?"

मी म्हटलं, बघितलं. सगळं ठीक आहे.

मग मास्क लावू दिला.

मी काहीच बघितलं नव्हतं हो. त्या मशीनकडे बघायची मला हिंमतच नव्हती.

एवढं एकच खोटं बोलले तुमच्याशी. माफ करा.

जा आता निवांत. माझा शेवटचा नमस्कार.