मातीत जाणारं पाणी

२००४च्या सुमारास अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमध्ये आमचा मराठी वर्ग रविवारी दुपारी एका छोट्या एपिस्कोपल चर्चच्या हॉलमध्ये भरायचा. आम्ही पोचायचो तेव्हा त्यांची प्रार्थना आटोपलेली असायची आणि सत्तरीच्या एक बाई मागच्या खोलीतल्या झाकणाच्या छोट्या सिंकमध्ये, प्रार्थनेत प्रसाद म्हणून देतात त्या वाइनचा चांदीचा पेला धूत असायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. हातातल्या अंगठ्या खिडकीत काढून ठेवून, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसा त्या तो पेला धुवायच्या.

एकदा मी चहाचे कप घेऊन त्याच सिंकपाशी गेले, तर त्यांनी हलकेच माझा हात धरला.

"इथे नको, हनी. याचा पाइप गटारात जात नाही, थेट मातीत जातो."

पेल्यात थेंब जरी राहिला तरी तो देवाचा, तो गटारात कसा सोडायचा, असं त्यांचं म्हणणं. मला एकदम घरचं वाटलं. आम्ही निर्माल्य कुठे केराच्या टोपलीत टाकतो?

गणपतीत आम्ही त्याच हॉलमध्ये पूजा केली. पूजेचं पाणी तांब्यात उरलं. बाहेर लॉन होतं, पण त्यावरून सगळे बूट घालून चालतात, तिथे ओतवेना. तांब्या घेऊन मी नुसतीच दारात उभी राहिले.

"हे देवाचं आहे का?" मागून बाईंनी विचारलं.

"हो. म्हणजे, आमच्या देवाचं."

मला मागच्या खोलीत नेऊन त्यांनी त्या सिंकवरचं झाकण उचललं आणि त्या बाजूला झाल्या.

"सावकाश ओत," त्या म्हणाल्या, "पाइप जुना आहे."