नदीकाठची दुसरी अमरावती

टपालाच्या छाटणीत माझी तीस वर्षं गेली. बडनेऱ्याला लांब टेबलासमोर उभं राहायचं, पाकीट उचलायचं, पत्ता वाचायचा आणि ज्या त्या खणात टाकायचं. रोजच्या ढिगात दोन-चार पाकिटं अशी निघत की त्यांवर नुसतं ‘अमरावती’ लिहिलेलं असे आणि पिनकोड बावन्नने सुरू होणारा असे. आमचा चव्वेचाळीसने सुरू होतो. “आंध्रचं आहे,” म्हणत मी ते डावीकडच्या खणात टाकायची. त्या गावात कोण राहतं, ते कसं दिसतं, हे तीस वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही. कुतूहल वाटलं ते आईला, आणि तेही वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी.

आई अकोल्याला माझ्या धाकट्या भावाकडे असते. मी अमरावतीत, राजापेठेत. ती एका शाळेत शिपाई होती. शाळेची घंटी तिच्या हातात असायची. व्हरांड्यात तिचं स्टूल होतं आणि पाठीमागच्या वर्गात इतिहासाचा तास चालायचा. तिचा बराचसा इतिहास असा खिडकीतून आलेला आहे, आणि बहुतेक अर्धवट. “गुरुजी रंगात आले का माही घंटीची येळ व्हायची,” ती सांगते. “राजा मेल्यावर पुढं काय झालं, थे मले कदी समजलंच नाही.”

गेल्या दिवाळीनंतर भावाने तिला फोनशी बोलायला शिकवलं. बटणं दाबायची नाहीत, नुसतं बोलायचं, फोन शोधून देतो. ती माझ्याकडे यायला निघणार होती. बसला किती वेळ लागेल हे पाहावं म्हणून ती फोनला ‘अमरावती’ म्हणाली, आणि पाच मिनिटांनी तिचा मला फोन आला.

“का व, तुह्या घरी याले सोळा तास काहून लागून राहिले?”

“कोण म्हणतं?”

“हा फोन सांगून राहिला. अन रस्ता खाली खाली चाल्ला. पार आंध्रात.”

मी हसले. “आई, ती दुसरी अमरावती. ती नव्हे आपली.”

“दुसरी?” ती म्हणाली. “मंग तिथं काय हाये?”

तीस वर्षं त्या गावाची पत्रं माझ्या हातून गेली होती आणि मला एवढंच माहीत होतं की ते आपलं नव्हे.

त्यानंतर रोज संध्याकाळी तिचा फोन येऊ लागला. तिला उत्तरं द्यायची म्हणून मी वाचायला लागले. त्या गावाचं जुनं नाव धान्यकटक. कृष्णा नदीचा काठ. सातवाहनांच्या काळात तिथे मोठा स्तूप होता, पांढऱ्या दगडात कोरलेला. छप्पन सालापासून आमच्या घरात बुद्ध आहे, पण हा स्तूप आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हता.

“धान्यकटक म्हंजे बाजाराचं गाव असंन,” आई म्हणाली. “आपल्या अकोल्यासारखं. अन नावाचं काय? आपलं नाव तिथून आलं का त्याइचं आपल्याकून?”

मी सांगितलं की आपलं नाव म्हणे उंबराच्या झाडांवरून पडलं, उंबरावतीची अमरावती झाली. तिकडे अमरेश्वराचं देऊळ आहे, त्यावरून तिकडचं. दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही.

“असं कसं,” ती म्हणाली. “एका नावाच्या दोघी बाया भेटल्या त इचारतातच ना एकमेकीले, तुह्य नाव कोनं ठेवलं म्हनून. आपुन जाऊन पाहू.”

‘जाऊन पाहू’ हे ती इतक्या सहज म्हणाली की मीही ‘हो’ म्हणून गेले. मग भावाचा फोन आला.

“ताई, तू तिच्या डोक्यात काय भरून राहिली?”

“मी काही भरलं नाही. तिचं तिनेच शोधलं.”

त्याच्या रागामागचं कारण मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी नागपूरला गर्दीत आईला चक्कर आली होती. तिला उचलून, लोकांमधून वाट काढत त्यानेच बाहेर आणलं होतं. तेव्हापासून ती जिना चढली तरी तो मागे उभा राहतो. “बुद्धगयेले बस जाऊन राहिली,” तो म्हणाला. “सोबत डॉक्टर हाये, जेवन हाये, वळखीची मान्सं हायेत. तिथं चाल म्हन तिले.”

आईने ते शेजारी बसून ऐकून घेतलं. “बुद्धगयेले मी गेली होती बाप्पा,” ती त्याला म्हणाली. “लय चांगलं हाये. पन तिथलं समदं मले आधीच मालूम होतं. हे मले काहीच मालूम नाही.”

तयारी मात्र सुरू झाली, निदान माझ्याकडून. जानेवारी ठरवला, कारण तिकडचं ऊन. बडनेऱ्याहून सेवाग्राम, तिथे गाडी बदलून विजयवाडा, पुढे बस. आईने एक जुनी वही काढली आणि प्रश्न लिहून ठेवायला लागली. स्तूप आतून पोकळ असतो का? पांढरा दगड कुठून आणला? कोरणाऱ्यांना जेवण कोण द्यायचं? बाया कोरायच्या का? मला त्यातल्या एकाचंही नीट उत्तर येत नव्हतं आणि आता मलाच ते खटकू लागलं होतं.

याच वाचनात एके दिवशी मला एक फोटो सापडला. फार सुंदर दगड होता. कमळं, माणसं, घोडे, बाळाला घेतलेल्या बाया. खाली लिहिलं होतं की हा दगड लंडनच्या संग्रहालयात आहे. मग दुसरा फोटो, तो चेन्नईच्या संग्रहालयातला. मग आजच्या जागेचा फोटो पाहिला. गवत, विटांचं बुटकं गोल जोतं, कडेने उभे काही दगड. एवढंच. बाकीचा स्तूप लोकांनी बांधकामाला नेला होता, काही दगड चुन्यासाठी भाजले होते, आणि उरलेले इंग्रज साहेबांनी पेट्यांत भरून पाठवले होते.

मी तो फोटो बंद केला. आईला सांगितलं नाही. दोन आठवडे मी तिच्या प्रश्नांना ‘बघते’ म्हणत राहिले. ती फोनवर विचारायची, “थो स्तूप केवढा उंच असंन व?” आणि मी म्हणायची, “होता फार उंच.” माझा तो ‘होता’ तिच्या कानावर कसा पडला नाही, याचं मला नवल वाटायचं.

एका रविवारी मी अकोल्याला गेले होते. राहण्याची सोय पाहावी म्हणून त्या दुसऱ्या अमरावतीतल्या एका लॉजचा नंबर मिळवून ठेवला होता. आई खाटेवर, भाऊ दारात पेपर घेऊन. मी फोनचा आवाज मोठा ठेवला. पलीकडून एका बाईंचा आवाज आला. हिंदी त्यांना जेमतेम येत होती.

“मॅडम, आप किधर से बोलता?”

“अमरावती से.”

“अमरावती में किधर?”

“राजापेठ.”

“राजापेठ इधर नहीं है, मॅडम. आप अमरावती में है तो लॉज को आ जाओ. बस स्टँड के पास है.”

भावाने पेपरामागे तोंड लपवलं. मी त्यांना समजावलं की आमची अमरावती महाराष्ट्रातली. त्यांना ते खरंच वाटेना. “दो अमरावती?” त्या तीनदा म्हणाल्या. मग त्यांनी आत कोणाला तरी तेलुगूत ओरडून सांगितलं आणि परत मला विचारलं, “आपका उधर नदी है?”

“नदी नहीं, नाला है,” मी म्हणाले.

“नदी नहीं, फिर भी अमरावती?” त्यांना फार वाईट वाटलेलं दिसलं.

तेवढ्यात आईने फोन मागितला. तिची हिंदी म्हणजे वऱ्हाडीच, फक्त जरा जोरात. “बाई, मेरा घुटना दुखता है. वो स्तूप पे चढने को पायऱ्या कितने है?”

“पायऱ्या?”

“सीडी, सीडी.”

“सीडी नहीं, अम्मा. ऊपर कुछ नहीं है. सब ले गया. मद्रास ले गया, लंडन ले गया. अभी नीचे गोल है खाली. हम शाम को उधर वॉकिंग को जाता.”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तिने फोन माझ्या हातात दिला, पण मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “तुले मालूम होतं?”

“हो.”

“कदीपासून?”

“दोन आठवडे झाले. तुला वाईट वाटेल म्हणून…”

“शाळेत समदं अर्धंच आयकलं म्या. थे घंटीमुळं. तू काहून अर्धं सांगून राहिली?” ती रागावली होती, आणि ती रागावली की आवाज चढवत नाही, उलट अगदी हळू बोलते. मला, साठीजवळ आलेल्या बाईला, शाळेतल्या पोरीसारखं वाटलं.

फोन अजून चालूच होता. पलीकडच्या बाई “हॅलो, हॅलो” करत होत्या. भाऊ उठला, त्याने माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटलं, आता तो ‘येणार नाही’ असं सांगून टाकतो. तो म्हणाला, “मॅडम, उधर हॉस्पिटल कितना दूर है? और कमरा नीचे का मिलेगा क्या? कमोडवाला?” सगळं विचारून झालं, मग आईचं वय सांगून त्याने पुन्हा एकदा खालच्या खोलीची खात्री करून घेतली.

आईने वही उघडली. जुने प्रश्न तिने खोडले नाहीत. खाली नवे लिहिले. जे नेलं ते कोणी नेलं? जे राहिलं ते का राहिलं? गावातल्या लोकांनी नेऊ कसं दिलं?

“आता त जावाच लागते,” ती म्हणाली. “पुरं असतं त फोटोत पाह्यलं असतं.”

तीन दिवसांनी भावाने मला फोन केला. “ताई, तिकिटं काढली?”

“उद्या काढते. दोन.”

“तीन काढ. अन खालचा बर्थ एक पायजेच.”

जानेवारीत आम्ही गेलो. सेवाग्रामला गाडी दोन तास उशिरा आली, तेवढ्या वेळात आईने सगळ्या दशम्या वाटून संपवल्या, त्यातल्या दोन अनोळखी माणसांना. विजयवाड्याहून बसने निघालो तेव्हा दोन्हीकडे मिरच्यांची शेतं होती, आणि त्यांची माती आपल्यासारखीच काळी होती. आईने ती मला बोटाने दाखवली.

लॉजच्या बाई पायरीवर उभ्या होत्या. आईच्याच वयाच्या निघाल्या. दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि मग कोणत्या भाषेत बोलावं हे न सुचून दोघीही हसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्तूपापाशी गेलो. फोटोत होतं तसंच. मी आईच्या चेहऱ्याकडे पाहत होते, ती कुठे हिरमुसते का ते. तिने काठी भावाकडे दिली आणि त्याचा हात धरून त्या गोलाभोवती चालायला लागली. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीत ती दर दगडापाशी थांबत होती. एका दगडावर अर्धं कमळ होतं. तिने वाकून पाहिलं आणि उरलेलं अर्धं कसं असेल ते हवेत बोटाने काढून दाखवलं.

जवळच्या लहान संग्रहालयात एका शिळेवर बायकांची रांग होती. त्यांच्या पायांत जाडजूड वाळे होते. “हे पाह्य,” आई म्हणाली, “माह्या आजीचे असेच होते. चांदीचे. चालली का आवाज ये.” काचेपाशी ती इतका वेळ उभी राहिली की भावाने स्टूल मागून आणलं. तिथल्या पहारेकऱ्याला तिने वहीतला प्रश्न विचारला, बाया कोरायच्या का? तो म्हणाला, हे त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

काही प्रश्नांची उत्तरं मिळाली, बहुतेकांची नाही. दगड कुठून आला हे कळलं. गावातल्यांनी ते कसं नेऊ दिलं, हे लॉजच्या बाईंनाही सांगता आलं नाही. त्या म्हणाल्या, त्यांनी कधी विचारच केला नव्हता. मला त्यांच्याविषयी एकदम आपलेपणा वाटला.

संध्याकाळी आम्ही नदीवर गेलो. काठावर बुद्धाची प्रचंड बैठी मूर्ती आहे, पण आईने मूर्तीला हात जोडले आणि लगेच पाण्याकडे तोंड करून बसली. एवढं रुंद पात्र तिने कधी पाहिलं नव्हतं.

“हे पानी कुठून येते?”

“महाबळेश्वरहून,” मी म्हणाले. “आपल्याच राज्यातून.”

“एवढ्या लांबून!” ती बराच वेळ पाहत राहिली. “अन इथून कुठं जाते?”

“समुद्राला.”

“लय दूर हाये का थो?”

मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं. भाऊ आमच्या मागे उभा होता. तो वळला आणि वर रस्त्याकडे चालू लागला. तिकडच्या एस.टी.चा कंडक्टर चहाच्या टपरीवर उभा होता. त्याच्यापाशी जाऊन भाऊ हातवारे करून काहीतरी विचारत होता आणि कंडक्टर नदीच्या दिशेने, खाली, दूरवर हात करून त्याला दाखवत होता.