संध्याकाळी जाणारं चित्र

देसाई मास्तरांनी मला किराणा दुकानासमोर थांबवलं आणि सांगितलं, की रविवारपर्यंत चित्र सुधारलं नाही तर त्यांची गल्ली लोंढा गावच्या केबलवाल्या माणसाकडून केबल घेणार.

मी म्हटलं, "मास्तर, नवीन मशीन बसवलंय."

ते म्हणाले, "म्हणूनच सांगतोय, आक्का. जुनं होतं तेव्हा चित्र दिसत होतं."



ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. कर्नाटकातल्या आमच्या रामनगरात केबल टीव्ही माझा होता. सुरुवात नवऱ्यानं केली. तो गेल्यावर डिश, वायर आणि लोकांच्या तक्रारी माझ्याकडं आल्या. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. वायर कुठून निघते आणि कुठं जाते हे कळायला तेवढी पुरते.

डिशवर आलेलं चित्र वायरीतून घरोघरी जातं. जाता जाता ते अशक्त होतं, पाटाच्या शेवटच्या शेताला पाणी कमी पडतं तसं. म्हणून वाटेत अँप्लिफायर बसवतात. तो चित्राला पुन्हा जोर देतो; आम्ही त्याला मशीनच म्हणायचो. त्याला करंट लागतो. म्हणून तो एखाद्या गिऱ्हाइकाच्या घरात ठेवायचा, त्याच्याच प्लगवर चालवायचा आणि बदल्यात त्याला केबल फुकट द्यायची, अशी पद्धत होती.

मास्तरांच्या गल्लीत तो गिरजावैनींच्या माजघरात होता, कमरेएवढ्या उंचीच्या फळीवर. ती गल्ली सुपा धरणात गाव गेलेल्या लोकांची. गाव एकदा सगळं मिळून उठलं, तेव्हापासून ते सगळं मिळूनच करायचे. दूधवाला एक, न्हावी एक, केबलवाली एक. म्हणजे गिऱ्हाईक एकेक करून जाणार नव्हतं, आख्खी गल्ली जाणार होती. पुढच्या दोन गल्ल्यांची वायरही तिथूनच जायची. ती काढावी लागली असती तर माझ्याकडं बाजारातली थोडी घरं उरली असती. तेवढ्यावर माझं भागलं नसतं आणि यल्लाप्पाचंही नाही. यल्लाप्पा माझा लाइनमन, तीन मुलांचा बाप.

झालं होतं असं. जुना अँप्लिफायर विजांच्या कडकडाटात जळाला. बेळगावच्या डीलरकडून नवीन आणला. यल्लाप्पानं तो त्याच फळीवर, त्याच प्लगवर बसवला. थोडे दिवस चित्र काचेसारखं होतं. मग रोज दिवेलागणीनंतर गल्लीतल्या टीव्हींवर मुंग्या यायला लागल्या. सकाळी चित्र आपोआप परत. आम्ही दिवसा तपासायला गेलो की सगळं ठीक. लोकांना वाटायचं आम्ही त्यांना खोटं पाडायला येतो.

यल्लाप्पानं आधी कनेक्टर बदलले. कनेक्टर म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची टोपी. आमच्याकडच्या पावसात तिच्यात पाणी शिरतं. फरक पडला नाही. मग आम्ही वानरांवर संशय घेतला, कारण ती वायरीला लोंबकळतात. पण वानरं संध्याकाळी झोपायला जातात, बिघाड करायला निघत नाहीत. मग मी संध्याकाळी घराघरांतून फिरले. गिरजावैनींच्या अलीकडच्या घरांत चित्र चांगलं, पलीकडं सगळीकडं मुंग्या. म्हणजे दोष मशीनपाशीच होता.

एसटीडी बूथवरून डीलरला फोन लावला.

"सकाळी चालतंय की नाही?" त्यानं विचारलं.

"चालतंय."

"मग मशीन चांगलं आहे. संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल, बघा."

यल्लाप्पा मीटर घेऊन संध्याकाळी गिरजावैनींच्या पडवीत बसला. व्होल्टेज थोडं कमी होतं, पण मशीन चालायला पुरेसं.

मी विचारलं, "आत जाऊन मशीन बघितलंस?"

"आत कसा जाऊ, आक्का? बाळंतीण हाय की."

गिरजावैनींची मुलगी सुमन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मशीन बसवल्यावर थोड्याच दिवसांत तिला मुलगा झाला. माजघराला वारा लागत नाही म्हणून तिची बाज तिथंच टाकली होती. पुरुषांनी त्या खोलीत जायचं नाही. सोयर असल्यामुळं बारशापर्यंत बाहेरच्या बायकाही जाणार नव्हत्या. त्यांचा टीव्हीही बंद होता. बाळंतिणीनं टीव्हीकडं बघितलं तर डोळे जातात असं वैनींचं मत होतं. त्यामुळं गल्लीतलं चित्र जातं याची झळ त्या घराला नव्हती.

मी पडवीतूनच विचारलं, "वैनी, मशीनला कोण हात लावतंय काय?"

"कोण लावतंय गं बाय? आमाला त्यातलं काय कळतंय?"

आणि ते खरंच होतं. हात कुणीच लावत नव्हतं.

पुढं लोंढ्याचा माणूस एकदा येऊन गेला. त्यानं गल्लीची लांबी पावलांनी मोजली. मास्तर त्याच्याबरोबर शेवटपर्यंत चालत गेले. मी दुकानाच्या पायरीवरून बघत होते. तो मला नमस्कार करून गेला.

बारसं झालं आणि शनिवार उजाडला. मी नारळ आणि झबलं घेऊन बाळ बघायला गेले. बाळ बघायला जायचा रिवाज आहे. मला मशीन बघायचं होतं. दोन्ही एका नारळात होणार होतं. बिघाड संध्याकाळचा, म्हणून मी संध्याकाळीच गेले.

वैनींना ते आवडलं नाही. "तिन्हीसांजंची कशाला आलीस गं? पाय धू, आन् बस घटकाभर. बाहेरचं वारं पोराच्या अंगावर नको."

मी पाय धुऊन उंबऱ्याशी बसले. तिथून फळी दिसत होती. मशीनचा हिरवा दिवा लागलेला होता. शेजारच्या घरात कुणीतरी बातम्या ऐकत होतं.

वैनींनी देवापुढं दिवा लावायच्या आधी परसातल्या दोरीवरची बाळाची दुपटी, लंगोट, सगळं काढून आणलं. लहान पोराची कापडं दिवेलागणीनंतर बाहेर ठेवायची नाहीत, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. पण पावसाचे दिवस. कापडं ओली ती ओलीच. वैनी सरळ फळीकडं गेल्या. एक दुपटं मशीनवर पसरलं. त्यावर दुसरं. मग लंगोट. ऊब जाऊ नये म्हणून वरून जुनी गोधडी. हिरवा दिवा दिसेनासा झाला.

"वैनी, हे काय?"

"दुपटी. वाळाय नकोत?"

"शेगडीवर बांबूचं डालगं पालथं घालून त्यावर वाळवायची की."

"धुरानं पोर खोकतंय. तुजं हे नवीन लई चांगलं हाय बघ. जुनं एवढं तापत न्हवतं. सकाळपतोर कडक वाळतंय."

त्या गल्लीत माझ्या नवीन मशीनचं कौतुक करणारं हे पहिलंच माणूस.

काय होतं ते बघायला मी उंबऱ्याशीच बसले. थोड्या वेळानं शेजारच्या घरातल्या बातम्या खरखरायला लागल्या. कुणीतरी माझं नाव घेतलं. नावाच्या पुढंमागं जे होतं ते लिहीत नाही.

नवीन मशीनच्या अंगावर धातूच्या पट्ट्या असतात, आतली उष्णता हवेत जावी म्हणून. हवा लागली नाही की ते तापतं. फार तापलं की जळू नये म्हणून आपणच बंद पडतं आणि गार झालं की सुरू होतं. गोधडीखाली गार व्हायला सकाळ उजाडायची, कारण सकाळी वैनी वाळलेली दुपटी उचलायच्या.

मी उठले आणि सगळं उचलून बाजूला ठेवलं. हात भाजला.

"वैनी, करंटच्या मशीनवर ओलं कापड घालताय. शेजारी पोर झोपलंय."

वैनी बाजेच्या कडेला बसल्या. सुमन उठून बसली आणि तिनं पोराला उचलून घेतलं. मी पदरानं मशीनला वारा घालत राहिले.

मग वैनी म्हणाल्या, "गल्लीत सांगशील व्हय?"

सुमननं मान खाली घातली. या गल्लीत गोष्ट विसरायची पद्धत नव्हती. पोराला मिशी फुटली तरी त्याच्या लंगोटांनी गल्लीचा टीव्ही बंद पाडला हे लोक सांगत राहिले असते. ते वैनींना ऐकावं लागलं असतं, आणि त्यांनी रागानं आपला प्लग काढून घेतला असता तर दुसरा कुणी मला देणार नव्हता.

"न्हाई सांगत," मी म्हटलं.

एवढ्यात शेजारून "आलं, आलं" असं ऐकू आलं. फळीवर हिरवा दिवा लागला होता.

रविवारी सकाळी यल्लाप्पानं मशीन माजघरातून काढलं आणि पडवीत, आढ्याजवळ उंच बसवलं. पाऊस लागू नये म्हणून वर पत्रा घातला. माजघरात त्यानं एक मोठं डालगं पालथं घालून आत बल्ब टांगला. आमच्याकडं थंडीपावसात कोंबडीच्या पिल्लांना अशीच ऊब देतात. वर दुपटी घालायची, बल्बला काही टेकू द्यायचं नाही. हे वैनींना दोनदा सांगितलं आणि सुमनला तीनदा.

त्या संध्याकाळी गल्ली देवळापुढं जमली. सगळ्यांनी घरी एकेक माणूस टीव्हीपुढं बसवलं होतं. दिवेलागण झाली, आरती झाली, अंधार पडला. कुणी तक्रार घेऊन आलं नाही. काही जण तर मालिका बघायला उठून गेले.

मास्तरांनी विचारलं, "काय झालं होतं?"

"मशीन तापत होतं. जागा बदलली."

"म्हणजे डीलरनं चुकीचं मशीन दिलं."

"मशीन बरोबर आहे."

"मग इतके दिवस तुम्ही काय करत होता?"

"जागा शोधत होतो."

मास्तरांचं समाधान झालं नाही. पण चित्र दिसत होतं, त्यामुळं त्यांना पुढं विचारता येईना. गल्ली माझ्याकडं राहिली.

मशीन बदलल्यावर बिघाड झाला की सगळे मशीन बघतात. त्याच दिवसांत घरात काय बदललं ते कुणी बघत नाही. म्हणून मी यल्लाप्पाला सांगून ठेवलं, की इथून पुढं कुणाच्या घरात मशीन बसवायचं असेल तर आधी विचारायचं, घरात कोणी बाळंत होणार आहे का.

त्यानं नीट लक्षात ठेवलं. पुढच्याच महिन्यात त्यानं हे एकट्या राहणाऱ्या, लग्न न झालेल्या शाळेच्या बाईंना विचारलं.

ते कनेक्शन गेलं. विचारायचं काम मी माझ्याकडं घेतलं.