रुक्मिणबाईची जागा रिकामी न्हाई

जागा रिकामी दिसली की बसायचं, ही कुठली रीत हो? आज मंगळवारच्या बाजारात एक बादल्यावाला माझ्या शेजारच्या रुक्मिणबाईच्या जाग्यावर बसला. मी तिच्यासाठी आंथरलेलं पोतं, वरचा दगड, सगळं त्यानं सारलं बाजूला!

मी म्हणलं, "ऊठ, तिथं मिरचीवाली बसती."

तो म्हणला, "मावशी, लय बाजार झाले, ती दिसली न्हाई. तुमी काय पोत्यासंगं बोलत बसता का?"

लोकं हासली.

आमा दोघींची रीत हाय. सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी मी तिच्या मिरच्या घ्यायच्या, तिनं माझी मेथी. बोहनी एकमेकीच्याच हातानं. आता मी कुणाला हाक मारू? दुपारची भाकर तिचीबी नेली होती, तशीच परत आणली.

बादल्यावाल्याला उठवलं मी. पण दर बाजारी किती भांडू?

तिचा फोन लागंना. तिच्या गावचं कुणी ह्या ग्रुपात असाल तर बोला. आजारी हाय का लेकाकडं गेली? नुसते जोडलेले हात टाकू नका. सोमवारच्या आत सांगा, मंगळवारी भाकरी किती बांधायच्या.