तेजीच्या टापा

आमच्या मालकांना जाऊन दोन पावसाळे झाले, तरी पहाटे गल्लीच्या कोपऱ्यावर टापा वाजल्या की माझा हात आपोआप चहाच्या पातेल्याकडं जायचा. मंद्रूपच्या अलीकडं आमचं गाव. गावात खंडोबाचं लहानसं देऊळ आहे आणि देवाची मानाची घोडी पिढ्यान्‌पिढ्या आमच्या दारात बांधलेली असते. आताची तेजी. रोज पहाटे तिला देवळापर्यंत नेऊन आणायचं, हा मालकांचा नेम. त्यांच्या मागं तो माझ्या धाकट्या दिरांनी, भावजींनी, उचलला. येतात ते भावजी, मालक नव्हेत, हे मला कळत नव्हतं का? पण टापा कोपऱ्यावरून वळल्या की काळजाला ते सांगून पटत नसे. आधण चढायचं, आणि तेवढ्यापुरता माझा माणूस घरी यायचा.

एके दिवशी गटारावरची फरशी खचली आणि तेजीचा पुढचा उजवा पाय आत गेला. भावजींनी कसाबसा बाहेर काढला, पण घरी आली ती तीन पायांवर. सोलापूरहून जनावरांचे डॉक्टर आले. म्हणाले, हाड शाबूत आहे, शीर ताणली आहे. दुखणं लहान, पण घाई केलीत तर जन्माचं होऊन बसेल. जागेवरून हलवायचं नाही, सकाळ-दुपार-संध्याकाळ पायावर गार पाण्याची धार धरायची आणि दाण्याचा खुराक बंद, नुसता कडबा.

चंपाषष्ठीची यात्रा तोंडावर आली होती. यात्रेत घोडी पालखीच्या पुढं चालते. पाठीवर खोगीर रिकामं असतं, त्यावर देव बसतो अशी आमच्याकडं भावना आहे. देवळाचे पंच येऊन पाय बघून गेले. मला समजायचं ते समजलं. घोडी देवाची, आमची नव्हे. लंगडी राहिली तर तिला पांजरपोळात धाडतील आणि नवी घोडी दुसऱ्याच्या दारात बांधतील. मानाचं मला काही नव्हतं हो. मान घेऊन काय चाटायचाय? पण माझ्या कोपऱ्यावर पुन्हा टापा वाजणार नाहीत, हा विचार आला की जीव कासावीस व्हायचा. पहाटे जाग यायची आणि गल्ली मुकी. मी भिंतीकडं तोंड करून म्हणायची, देवा, माणूस नेलास, आता त्याची चाहूलही नेतोस? त्या दिवसांत मी देवापुढं दिवा लावत होते, पण मनातून बोलणं टाकलं होतं.

त्यात आमच्या गावाची माया भारी. देवाची घोडी आजारी म्हटल्यावर लोक नैवेद्य घेऊन येऊ लागले. कुणी भिजवलेले हरभरे, कुणी गूळ, कुणी पुरणपोळी. देवाच्या तोंडचा घास अडवणार कसा? मीही अडवला नाही. बसल्या जागी एवढं खाऊन तेजीच्या अंगात रग आली. तिनं लाथा झाडून भिंतीचे पोपडे पाडले आणि उतरत आलेली सूज पुन्हा चढली. डॉक्टर माझ्यावर चांगलेच उखडले. त्या दिवसापासून मी दारात बसून लोकांना परत पाठवू लागले. बायका नाकं मुरडून जायच्या. देवाचं खाणं तोडलं म्हणून पाण्याच्या टाकीपाशी माझी चर्चा व्हायची. भावजी नोकरीसाठी सोलापूरला जायचे, त्यामुळे दिवसभर पाण्याची धार धरायला मी एकटी. माझा खांदा आधीच धरलेला. एका दुपारी पाण्याची नळी हातातून गळून पडली आणि मी तिथंच चिखलात बसून रडले. म्हटलं, न्यायची तर ने घोडी. माझ्याच्यानं आता होत नाही.

तेवढ्यात दारात एक बाई उभी. ओळखीची नव्हती. बोलण्यात कानडी हेल, हातात हरभऱ्याची पाटी. नवस फेडायला आले म्हणाली. मी आधीच तोंडाची फटकळ, त्यात अशी बसलेली. म्हटलं, देवानं उपास धरलाय, पाटी परत न्या. वाटलं, हीही तोंड फिरवून जाणार. ती गेली नाही. पाटी खाली ठेवून शांतपणे म्हणाली, "हे नगं तर नगं. देवाला काय पायजे ते सांगा की."

मी चिडूनच म्हटलं, "पाणी पायजे. पायावर गार पाणी धरून बसायला माणूस पायजे."

तिनं पदर खोचला, माझ्या शेजारी येऊन बसली आणि नळी हातात घेतली. पाय निवेपर्यंत तिनं धार सोडली नाही. तेजी अनोळखी माणसाला जवळ फिरकू देत नाही, पण तिच्यापुढं मान खाली घालून उभी राहिली. मग तीन-चार दिवस ती बाई येत राहिली. तिचं बघून नैवेद्य घेऊन आलेल्या गावच्या बायकाही थांबू लागल्या. ज्यांनी नाकं मुरडली होती त्यांनीच पाळ्या लावल्या. घास देता येत नाही तर पाणी घालू, तीही सेवाच की, असं त्यांचं त्यांनी ठरवलं. पाळ्या बसल्या आणि ती बाई यायची थांबली. नाव विचारायचं राहूनच गेलं. कोणी पाठवली, यावर मी वाद घालत नाही. मी नळी टाकली होती आणि तिनं उचलली, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

यात्रेला मात्र तेजी गेली नाही. डॉक्टर म्हणाले, अजून नको. पंचांनी वरातीची पांढरी घोडी भाड्यानं आणली. हलगी वाजली तशी तेजीनं कान टवकारले, दावं ताणलं. मी तिच्या गळ्यात हात घालून उभी राहिले. "जाऊ दे बाई," तिला म्हटलं. तिला म्हटलं की स्वतःला, कोण जाणे. पालखी लांबून गेली. मला वाटलं होतं जीव तुटेल, पण नुसतं रडू आलं आणि मग हलकं वाटलं. त्या रडण्यात मी देवाशी पुन्हा बोलायला लागले.

यात्रेनंतर डॉक्टरांनी चालवायची परवानगी दिली. त्या सकाळी भावजी सोलापूरला कामावर, पहिल्या पाळीला गेलेले. बाईमाणसानं मानाची घोडी धरलेली गावानं कधी बघितली नव्हती. मी दावं सोडलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, दोरी सैल सोडा, ओढू नका, ती चालेल तसं चाला. जन्मभर मी प्रत्येक गोष्ट ओढतच आणली होती. त्या दिवशी तिच्या पावलानं गेले. देवळाच्या पायरीशी भंडारा घेतला, तिच्या पायाला लावला, आणि दोघी परत फिरलो.

गल्लीच्या कोपऱ्यावरून वळलो. फरशीवर टापा वाजल्या, सरळ, चारही पायांच्या. आणि माझ्या मनात आलं, अगं बाई, आधण ठेवायचं राहिलं की! मग ध्यानात आलं, घरात कोणी नाही. आज येणारी मीच होते. मालक रोज असेच येत असतील, शेजारी हा श्वास, हातात ही सैल दोरी, आणि पुढं उजेड असलेलं आपलं दार. इतकी वर्षं मी त्यांची वाट बघितली होती, त्यांच्या वाटेनं कधी चालले नव्हते. देवा, तुझे उपकार कसे फेडू? दारात आल्यावर तेजीला बांधलं, आत गेले आणि एका माणसापुरता चहा ठेवला.