अंबाडीचं बी

मी काम करते त्या संग्रहालयामागच्या पडीक जागेत शाळेतली मुलं आणि शेजारी मिळून बाग करत होते. समोरच्या चाळीतल्या शिंदेकाकूंनी अंबाडीचं बी आणलं.

"याची भाजी करतात ना?" चौथीतल्या रेवानं विचारलं.

"भाजी होते, आणि खोडाच्या वाखाचा दोरही वळतात."

"तसला दोर आत काचेच्या कपाटात आहे. चला, दाखवते," म्हणत रेवानं त्यांना ओढतच आत नेलं.

इतकी वर्षं समोर राहूनही काकू कधी आत आल्या नव्हत्या. दार तर रोज उघडंच असायचं. बोलवायला हवं, हे आम्हाला सुचलंच नव्हतं.

"माझे आजोबा असाच दोर वळायचे," काकू सांगू लागल्या. ऐकायला सगळी मुलं चिखलाच्या पायांनी आत धावली. मी कुणालाच अडवलं नाही.